मनगटापर्यंतची ओल

माझी आत्या सकाळी सातच्या सुमाराला शेतात भेटली, तर हात मिळवायला कोपर पुढे करते. हा उद्धटपणा नव्हे. तिचा डावा हात मातीने भरलेला असतो आणि उजवा कोणाचा तरी कान पकडायला मोकळा ठेवलेला असतो.

ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण. पण तिच्या गटातले अकराच्या अकरा शेतकरी तिला आत्याच म्हणतात. त्यातले दोघं तिच्याहून मोठे आहेत आणि एक तर तिचा सख्खा दीर आहे. या अकरा शेतांना मिळून एक विहीर. विहीर मोठी आहे, पण सगळ्यांना एकाच दिवशी पुरावी इतकी मोठी नाही. म्हणून पाण्याच्या पाळ्या आल्या, आणि पाळ्या आल्या म्हणून भांडणं आली. सव्वीस वर्षांपूर्वी एका कोरड्या हंगामात ही भांडणं इतकी वाढली, की मोटरच्या खोलीला तीन कुलपं लागली आणि तिन्हींच्या किल्ल्या तीन वेगळ्या खिशांत गेल्या. तेव्हा आत्या उठली, पहाटे अकराही शेतांतून फिरून आली आणि म्हणाली, "आज या चौघांना पाणी. बाकीच्यांनी गप्प बसायचं. काही वाळलं तर मला येऊन शिव्या द्या."

तिला शेतीतलं फार कळत होतं असं नाही. ती शिंप्याची मुलगी. पण शिव्या खायला तयार असलेलं दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे निवड बिनविरोध झाली. वाळलं काहीच नाही. तिन्ही कुलपं निघाली आणि पाळी ठरवायचं काम तिच्याकडे राहिलं, ते आजतागायत.

तिची पद्धत अशी. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर लांब डाव्या हाताची बोटं मातीत खुपसायची, मूठभर माती वर काढायची, दाबून तिचा गोळा करायचा, हवेत उडवायचा आणि झेलायचा. गोळा फुटला तर उद्या पाणी. नुसती भेग पडली तर परवा. अख्खा राहिला तर पुढच्या आठवड्यात बघू. आणि तळहाताला चिकटून बसला तर त्या शेतमालकाची खरडपट्टी, कारण त्याने चोरून व्हॉल्व्ह फिरवलेला असणार. तिच्या वडिलांनी डोळे मिटून कापडाचा पोत ओळखायला शिकवलं होतं. तीच बोटं तिने मातीला लावली. गटातली माणसं एकमेकांना "कसं काय?" विचारत नाहीत. "गोळा फुटला का?" असं विचारतात.

आता त्या डाव्या हाताबद्दल. आत्या डावखुरी आहे, आणि घड्याळही डाव्याच मनगटावर बांधते. काका, म्हणजे तिचे यजमान, घड्याळजी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. एक माणूस आत बसला की दुसऱ्याला बाहेर उभं राहावं लागतं, एवढं. लग्नानंतर त्यांनी तीन मेलेल्या घड्याळांचे अवयव जोडून एक जिवंत घड्याळ तयार केलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या मनगटावर बांधलं. देताना दोन अटी घातल्या. एक, हे हातातून काढायचं नाही, कारण तू विसरशील. दोन, यात माती-पाणी जाऊ द्यायचं नाही, कारण मी परत जोडणार नाही. काका महिन्यातून चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन त्या दिवशी खर्च झाली. आत्याने दोन्ही अटी पाळल्या. अकरा शेतांवर हुकूम गाजवणारी ही बाई त्या घड्याळाच्या पट्ट्याला मात्र वचकून असते.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गटाच्या सेक्रेटरीने 'मुद्दा' काढला.

सेक्रेटरी मूळचा भला माणूस. पण प्रत्येक वाक्य "मुद्दा असा की" ने सुरू करतो, म्हणून त्याचं नावच मुद्दा पडलं आहे. त्याची बायकोसुद्धा फोनवर "मुद्दा घरी नाहीत" असं सांगते. मालाच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटवर बसून बैठक चालली होती. मुद्दा उभा राहिला.

"मुद्दा असा की, आता जमिनीची ओल मोजायची मीटर मिळतात. हातात धरून फिरवायची. टोचलं की आकडा येतो. गटाने एक घ्यावं. पाळी आकड्यावर ठरेल, कोणाच्या मुठीवर नाही."

शेडमध्ये अशी शांतता पसरली, की पंख्याचं एक पातं वाकडं आहे हे सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. अकरा माणसं आत्याकडे बघू लागली.

"घ्या की," आत्या म्हणाली. "पण कुठलं घ्यायचं ते मी ठरवणार."

"मुद्दा असा की, परीक्षेला बसणाऱ्यानेच परीक्षक निवडायचा?"

"मग कोण निवडणार, तू? मागच्या वर्षी गटासाठी मोठी छत्री आणलीस. ती अजून उघडीच आहे."

सगळे हसले. छत्री खरोखरच कोपऱ्यात उघडी पडलेली होती, बंद होत नव्हती. पण हसण्याच्या खाली प्रश्न होता तो होताच, आणि तो विचारला आत्याच्या धाकट्या जावेने.

धाकटी जाऊ म्हणजे दिराची बायको, लिंबाच्या बागेची मालकीण. बाग नावाला दिराची, पण त्याला लिंबू कापलेलंच ओळखू येतं. बाग बघते ती धाकटीच. तीन वर्षं तिच्या झाडांची पानं पिवळी पडत होती. आत्या प्रत्येक वेळी तिथे जाऊन गोळा उडवायची, तो फुटायचा, आणि आत्या म्हणायची, "तहानलेत बिचारी. पाळी वाढव." धाकटीने दोनदा म्हणून पाहिलं होतं, "ताई, मला वाटतं पाणी जास्तच होतंय." त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं होतं, "तुला काय कळतं!"

"ताई," धाकटी आता म्हणाली, "आणि मीटर तुमच्या हाताच्या उलट बोललं तर?"

"तर मीटर बदलू," मागून कोणीतरी ओरडलं, आणि बैठक हसत हसत संपली. पण आत्या हसली नाही. क्रेटवरून उठताना तिने डावी मूठ एकदा उघडून बघितली, एखादी वस्तू आत राहिली आहे की काय, अशी.

शेतीसामानाच्या दुकानदाराने तीन मीटर आठ दिवसांसाठी वापरून बघायला दिली. आम्ही आणायला गेलो. आम्ही म्हणजे आत्या आणि मी. माझं अक्षर बरं आहे आणि मला दुसरं काही येत नाही असं आत्याचं मत असल्यामुळे नोंदी माझ्याकडे होत्या. दुकानदाराने काउंटरवर मीटरं मांडली आणि मधल्याची स्तुती सुरू केली.

"आत्या, याला ॲप आहे."

"ॲप किती खोल जातं?"

"म्हणजे... ॲप फोनवर असतं."

"ते मला माहीत आहे. दांडी केवढी आहे?"

दुकानदाराने बोटांनी दाखवलं. आत्याने शेजारी स्वतःचा पंजा धरून बघितला. पुढच्या वीस मिनिटांत तिने त्याला इतके प्रश्न विचारले, की शेवटी तो स्वतःच माहितीपत्रक वाचायला बसला. ओल मोजतं म्हणजे नक्की काय मोजतं? दगड लागला तर टोक वाकतं का? वाकलेलं टोक वेगळं मिळतं का? बॅटरी कुठली, इथल्या दुकानात मिळते का, की ती संपली की मीटरही संपलं? पाऊस अंगावर आला तर? आकडा उन्हात दिसतो का? हा शेवटचा प्रश्न विचारून ती उत्तरासाठी थांबली नाही. तिन्ही मीटर घेऊन दुकानाबाहेर गेली, सूर्याकडे पाठ करून उभी राहिली, मग तोंड करून, आणि परत आली. "मधल्याचं दिसत नाही. हातानं सावली करावी लागते. मग टोचायचं कशानं, पायानं?"

घरी येईपर्यंत तिघांचं बारसं झालं होतं. पहिलं मीटर छोटं, दोन आखूड काड्या, वर काटा आणि लाल-हिरवी-निळी तबकडी, बॅटरीही नाही. ते 'जावई'. "कपडे रंगीत, खर्च नाही, आणि पाय एवढेसे, खोलात काही शिरणार नाही." दुसरं, ते ॲपवालं, दोन टोकांचं, आकडे दाखवणारं. ते 'वकील'. हे नाव त्याला का, ते अजून ठरायचं होतं, पण चेहऱ्यावरून तसं दिसतं असं आत्या म्हणाली. तिसरं लांब स्टीलच्या दांडीचं, आडव्या मुठीचं, दांडीवर दोन खुणा, एक वरच्या थराची आणि एक खालच्या. चालू केलं की ते आधी उलट प्रश्न विचारायचं, माती कुठली? चिकण, पोयट्याची की वाळूसर? ते 'हेडमास्तर'.

परीक्षा स्वयंपाकघरात सुरू झाली. आत्याने एका शेतातली माती आणून चाळली, दोन बादल्यांत सारखी विभागली आणि दोन्हींत मोजून सारखंच पाणी घातलं. फरक इतकाच, की एका बादलीतल्या पाण्यात खत विरघळवलं होतं. मग मीटरं टोचली. साध्या बादलीत वकील एकतीस म्हणाला. खताच्या बादलीत अठ्ठावन्न.

"पाणी तेवढंच," आत्या म्हणाली.

"तेवढंच," मी वहीत बघून म्हणालो.

"म्हणजे याला कोणी काय चारलंय त्यावर हा बोलतो. बघ, नाव बरोबर ठेवलं की नाही! खत टाकलं की हा म्हणणार भरपूर ओल आहे, आणि पीक उभं वाळणार. ठेव बाजूला."

काका दुपारी जेवायला आले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि जावयाचा मागचा स्क्रू काढला. बराच वेळ आत बघितलं.

"यात काही नाहीये," ते म्हणाले.

"बिघडलंय?"

"नाही. एवढंच आहे. दोन धातू आणि एक काटा." त्यांनी स्क्रू परत लावला. मग नाक वर करून वास घेतला. "जेवायला काय आहे?"

"माती," आत्या म्हणाली.

खरंच होती. ओव्हनमध्ये स्टीलच्या ट्रेमध्ये पसरून चार शेतांची माती भाजायला ठेवली होती. आत्याचा हिशेब सरळ होता. मीटर खरं बोलतं की खोटं हे ठरवायचं, तर खरं काय ते आधी आपल्याला कळलं पाहिजे. माती ओली असताना काट्यावर तोलायची, शंभर अंशांच्या थोड्या वर रात्रंदिवस पूर्ण सुकवायची, परत तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. पहिल्या ट्रेमध्ये तीनशे ग्रॅम आत गेली होती, दोनशे शेहेचाळीस बाहेर आली. आत्याने सुकवायच्या आधी गोळा उडवून अंदाज केला होता, पन्नासच्या आसपास पाणी असेल. चोपन्न निघालं. बाकीच्या ट्रेंचंही जवळजवळ तसंच. काकांनी काट्याचं पारडं फडक्याने पुसून स्वतः पुन्हा तोललं आणि मान हलवली. आत्याच्या हाताला त्यांच्याकडून मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र होतं. त्या दिवशी ती घरात उगाचच इकडून तिकडे फिरत होती.

हेडमास्तरांचा आकडा मात्र आमच्याकडच्या चिकण मातीत सहा-सात जास्त यायचा. एकाच जागी दहा वेळा टोचलं, दहाही वेळा सहा-सात जास्त. आत्या वैतागली. "हेही गेलं म्हणायचं. एवढी लांब दांडी, आणि बोलणं खोटं."

काका चष्मा पुसत होते. "रोज पाच मिनिटं पुढे जाणारं घड्याळ मला चालतं," ते म्हणाले. "पाच वजा करायची. एक दिवस पुढे, एक दिवस मागे, ते दुरुस्तीला."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, एवढं चांगलं बोलता येतं तर बोलत का नाही?"

काका दुकानात निघून गेले. महिन्याचा कोटा संपला होता.

वकील परत पेटीत गेला आणि शर्यतीत जावई आणि हेडमास्तर उरले. आम्ही अकरा शेतं घेतली. आत्या आधी हात घालायची, गोळा उडवायची, आपलं मत सांगायची, मी लिहायचो. मग मीटरं. दहा शेतं झाली. हेडमास्तरांचा आकडा सहा वजा करून आत्याच्या मताशी दहाही ठिकाणी जुळला, आणि जावई तर काय, त्याचं सासूशी पटलेलंच होतं. आत्याची चाल बदलली. ती बांधावरून अशी चालायला लागली, की वाटेत येणाऱ्या म्हशीनेच बाजूला व्हावं.

अकरावी लिंबाची बाग. धाकटी माल पोचवायला गेली होती, बागेत कोणी नव्हतं. आत्याने हात घातला, गोळा उडवला, फुटला. "कोरडी. उद्या पाणी." जावई म्हणाला, लाल. एकदम कोरडी.

हेडमास्तरांची दांडी पहिल्या खुणेपर्यंत गेली. आकडा कमी. कोरडी. आत्याने मान डोलावली. मग तिने मुठीवर वजन टाकून दांडी दुसऱ्या खुणेपर्यंत नेली, आणि आकडा एकदम तिप्पट झाला.

"टोक दगडाला लागलं असेल," आत्या म्हणाली.

दुसऱ्या झाडाखाली टोचलं. वर कोरडं, खाली तिप्पट. तिसऱ्या. चौथ्या. दहा वेळा टोचून झाल्यावर आत्याने मला कुदळ आणायला पाठवलं. गुडघाभर खड्डा खणताना मधे एक थर असा लागला, की कुदळ ठणकन वाजली. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरच्या चाकांखाली दबून झालेला कडक पापुद्रा. तो फोडला, आणि खालून वास आला. कुजलेला. पांढरी असायला हवी होती ती बारीक मुळं तपकिरी झाली होती, बोटात धरली की साल सुटत होती. वरची माती वाऱ्याने वाळत होती. पापुद्र्याच्या भेगांतून खाली मुरलेलं पाणी त्या थरामुळे वर वाळत नव्हतं आणि खालच्या घट्ट चिकण मातीमुळे खालीही जात नव्हतं. झाडं तहानलेली नव्हती. गुदमरत होती.

आत्याने खालची माती काढायला हात घातला. मनगटापाशी हात थांबला. घड्याळाच्या पट्ट्याशी.

मग तिने घड्याळाकडे बघितलं, मग खड्ड्याच्या भिंतीकडे, जिथे कोरडी माती संपून ओली सुरू होत होती. तिने पंजा उघडून, बोटांची टोकं वरच्या कडेला टेकवून, त्या भिंतीला लावला. बोटांच्या टोकापासून पट्ट्यापर्यंत कोरडी. पट्ट्याच्या खाली ओली.

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली, "अकरा शेतांचं पाणी तुझ्या काकांच्या पट्ट्यानं ठरवलं."

तिने घड्याळ काढलं, माझ्या हातात दिलं, हात कोपरापर्यंत खाली घातला आणि माती वर आणली. गोळा केला. उडवायची गरज नव्हती. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं.

आता सांगतो, त्या क्षणी मला काय वाटलं. उद्या बैठक होती. बागेत कोणी नव्हतं. जावई गटाला दिला असता, तर तो जन्मभर आत्याच्या हाताला हो म्हणत राहिला असता. तेवढाच आखूड होता. दहा शेतांत हात बरोबर होता, अकराव्यातल्या झाडांचं काय, पिवळ्या पानांना शंभर कारणं असतात.

"खड्डा बुजवू का?" मी विचारलं.

"बुजव."

मी फावडं उचललं.

"आणि कुठे आहे ती जागा लक्षात ठेव," आत्या म्हणाली. "उद्या पुन्हा खणायचाय. सगळ्यांसमोर खणलेला बरा. नाहीतर मुद्दा म्हणेल, आत्याने पाणी ओतून ठेवलं."

बैठकीला त्या दिवशी अकराच्या जागी सतरा माणसं आली होती. दुकानदारही आला होता. आत्याने तिन्ही मीटरं उलट्या क्रेटवर ठेवली आणि उभी राहिली.

"हे पहिलं," ती म्हणाली. "कोरड्याला कोरडं म्हणतं, ओल्याला ओलं म्हणतं, प्रत्येक ठिकाणी माझ्याशी पटतं याचं."

"मग झालं तर!" मागून आवाज आला.

"झालं काय? माझं मत तुम्हाला असंच मिळतंय. त्यासाठी मीटर कशाला? नको हे. हे दुसरं खत खाल्लं की बरळतं. नको. हे तिसरं लांब आहे, जड आहे, चिकण मातीत सहा जास्त दाखवतं. ते सहा वजा करायचे. हे घ्यायचं."

मुद्दा उभा राहिला. हा प्रश्न तो आठ दिवस जपून होता. "मुद्दा असा की, या मीटरने तुमचा हात बरोबर ठरवला की चूक?"

"दहा शेतांत बरोबर. एकात चूक."

"कुठल्या?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या."

पंख्याचं वाकडं पातं पुन्हा ऐकू येऊ लागलं. आत्याने काही लपवलं नाही. पापुद्रा सांगितला, मुळं सांगितली, पट्टा सांगितला. मनगट उचलून दाखवलंसुद्धा, इथपर्यंत हात जात होता, याच्या खालचं मला कधी कळलंच नाही. "तीन वर्षं मी पाणी वाढवत गेले, आणि तुझी झाडं बुडवत गेले. माती खाल्ली मी."

धाकटी क्रेटवरून उठली. "तीन वर्षं, ताई."

"तीन वर्षं."

"आणि मी काय म्हणत होते?"

"पाणी जास्त होतंय म्हणत होतीस."

"आणि तुम्ही काय म्हणत होता?"

"तुला काय कळतं, म्हणत होते."

"ते परत म्हणा. पण आता बरोबर करून."

"तुला कळतं," आत्या म्हणाली.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"तुला कळतं गं बाई!" आत्या अशी ओरडली, की उघडी छत्री आपोआप मिटली. मिटली नाही खरं तर, वाऱ्याने कलंडली, पण गटात आजही मिटली असंच सांगतात.

मग सतराही माणसं बागेत गेली. मी खणलं. वास सगळ्यांनी घेतला. मुद्द्याने स्वतः खड्ड्यात उतरून दांडी टोचली, आकडा बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'मुद्दा असा की' शिवाय वाक्य निघालं. "अरे बापरे."

वर आल्यावर तो सावरला. "मुद्दा असा की, हे मीटर आता राहणार कोणाकडे?"

सगळे घुटमळले. आत्याने दांडी धाकटीकडे धरली. सव्वीस वर्षांचं काम ती त्या आडव्या मुठीसकट देऊन टाकत होती.

धाकटीने दांडी घेतली. वरपासून खालपर्यंत बघितली, दोन खुणांवरून अंगठा फिरवला, आणि परत केली.

"तुमच्याकडेच राहू दे. जी बाई सगळ्यांसमोर खड्डा खणवते, तिला आकडा चोरता यायचा नाही. पण माझ्या बागेत दांडी मी टोचणार."

"टोच."

"आणि तुम्ही आधी हात घालायचा. घड्याळ काढून."

घड्याळाचा प्रश्न काकांनी सोडवला. आत्या खरंच विसरणारी आहे. दुसऱ्याच दिवशी घड्याळ बांधावर राहिलं आणि मला अर्धा मैल परत पळावं लागलं. काकांनी हेडमास्तरांच्या आडव्या मुठीला पितळेचा एक बारीकसा हूक जोडला. आता मीटरच्या मुठीला घड्याळ लटकतं आणि आत्याचा हात कोपरापर्यंत मोकळा असतो. दांडी हातात घेतल्याशिवाय घरी येताच येत नाही, त्यामुळे घड्याळही विसरत नाही.

बागेतला पापुद्रा दोन ओळींच्या मधून फोडून घेतला, अडकलेल्या पाण्याला निघायला वाट करून दिली, आणि पाळी निम्म्यावर आणली. दोन झाडं गेली. बाकीच्यांनी चौथ्या महिन्यात नवी पालवी धरली, चकचकीत हिरवी.

परवा सकाळी मी गेलो होतो. दोघी जावा एका झाडाखाली उकिडव्या बसल्या होत्या. धाकटीने दांडी दुसऱ्या खुणेपर्यंत टोचली होती आणि मीटरचा आकड्यांचा पडदा पदराने झाकून धरला होता.

"आधी तुम्ही सांगा."

आत्याने घड्याळ हुकाला अडकवलं. हात कोपरापर्यंत मातीत घातला, डोळे मिटले. माती वर आली, गोळा झाला, हवेत गेला, झेलला. भेग पडली. आत्याने तो धाकटीच्या नाकासमोर धरला.

"परवा पाणी. आज अजिबात नको."

धाकटीने पदर किंचित बाजूला करून आकडा बघितला. सहा वजा केले. मग उगाचच आणखी थोडा वेळ घेतला. तेवढ्या वेळात आत्या, जिने अकरा शेतांना सव्वीस वर्षं ताटकळत ठेवलं, ती गोळा हातात धरून शाळकरी मुलीसारखी वाट बघत बसली होती.

"बरोबर," धाकटी म्हणाली, आणि दांडी उपसून मातीचं टोक पुसता पुसता पुढे म्हणाली, "आजच्या दिवस."